गंगेत न्हालेली घोडी पुढे कुठे जातात?

नाशिकात गोदावरीला गंगाच म्हणतात. 'गंगेवर जाऊन येतो' असे सांगून घराबाहेर पडलेला नाशिककर काशीला निघालेला नसतो, रामकुंडाकडे निघालेला असतो. त्यामुळे 'गंगेत घोडे न्हाले' हा वाक्प्रचार ह्या गावात जरा अधिक जवळचा वाटतो. रखडलेले काम एकदाचे तडीस गेले, मोहीम फत्ते झाली, की आपण तो वापरतो. वाक्प्रचार तिथे संपतो. न्हालेल्या घोड्याचे पुढे काय झाले, हा प्रश्न भाषा विचारत नाही. ह्या लेखात आम्हांला तोच प्रश्न विचारायचा आहे. काम झाले, मोहीम आटोपली, गाडीच्या जागी दुसरी गाडी आली. मग घोड्याचे काय झाले? त्याला कोणी सोडले, आणि का?

मराठीत घोडा भरपूर आहे. घोडचूक, खोगीरभरती, वरातीमागून घोडे, घोडामैदान, घोडे पेंड खाते, घोडे दामटणे अशी मोठी यादी देता येईल. ज्या समाजाने शतकानुशतके घोड्यावर बसून राज्ये केली आणि गमावली त्याच्या भाषेत हे व्हायचेच. पण ह्या साऱ्या शब्दांत घोडा कामाला जुंपलेला, अडलेला, निदान उशिरा का होईना पण निघालेला असतो. निकामी झालेल्या घोड्यासाठी आपल्यापाशी फारसा शब्द नाही. 'भाकड' हा शब्द गायी-म्हशींचा. अमेरिकेत २००५च्या सुमारास पशुवैद्यांनी 'नको असलेला घोडा' अशी एक संज्ञाच रूढ केली आणि त्यावर परिषदा भरवल्या. आपल्याकडे घोडा नकोसा झाला की तो भाषेतूनच निघून जातो. शब्द नसला म्हणजे गोष्ट नसते असे नाही. ती फक्त नोंदली जात नाही.

नाशिकचेच उदाहरण घेऊ. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे १८६०च्या दशकात ह्या भागातून गेली, पण स्थानक झाले ते गावापासून सुमारे आठ-नऊ किलोमीटरवर, आजच्या नाशिकरोडला. गाव एकीकडे आणि रेल्वे दुसरीकडे! मधले अंतर घोड्याने भरून काढले. पंचवटीला आलेला यात्रेकरू स्थानकावर उतरे तो टांग्यात बसण्यासाठीच. त्र्यंबकेश्वराची वाटही अशीच. रेल्वेने घोड्याचे काम काढून घेतले असे आपण सरसकट म्हणतो, ते अर्धेच खरे आहे. लांब पल्ल्याचे काम तिने काढून घेतले आणि स्थानक ते गाव हे जवळचे काम कितीतरी पटींनी वाढवले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भारतातच नव्हे, तर लंडन-न्यूयॉर्कमध्येही रेल्वेबरोबर घोडे वाढले, ते ह्याच कारणाने.

मग १८८९च्या सुमारास नाशिकात ट्राम आली. मेन रोडवरच्या जुन्या नगरपालिकेपासून नाशिकरोड स्थानकापर्यंत ती धावे. अडीच फुटी रूळ, दोन डबे आणि ते ओढायला चार घोडे. तिचे सल्लागार अभियंता होते एव्हरार्ड कॅलथ्रॉप. पुढे बार्शी लाइट रेल्वेमुळे त्यांचे नाव सर्वांना ठाऊक झाले. ह्याच ट्रामला पुढे पेट्रोलचे इंजिन लागले, आणि देशात असे इंजिन लावलेली ही पहिली ट्राम म्हणून तिचा उल्लेख केला जातो. १९३१ ते १९३३च्या दरम्यान ती बंद पडली. स्थानिक इतिहासाच्या पुस्तकांत ही हकीकत अभिमानाने सांगितली जाते, आणि तो अभिमान योग्यच आहे. पण त्या कथेत इंजिन 'आले' असे वाक्य असते, घोडे 'गेले' असे वाक्य नसते.

मुंबईतही हेच. ९ मे १८७४ रोजी तिथे घोड्यांची ट्राम सुरू झाली, तेव्हा स्टर्न्स अँड किट्रेज कंपनीच्या तबेल्यात ९०० घोडे होते असे सांगतात. ७ मे १९०७ रोजी विजेची ट्राम धावली. दोन्ही तारखा आपल्याला दिवसानिशी ठाऊक आहेत; ९०० हा आकडाही ठाऊक आहे. घोडे येतात तेव्हा ती भांडवली गुंतवणूक असते, म्हणून आकडा राहतो. जातात तेव्हा ती मोडीत काढलेली वस्तू असते.

नाशिकच्या बाबतीत एक गमतीची गोष्ट अशी, की ट्राम गेली तरी टांगा राहिला. रूळ उखडले गेले, तरी स्टेशनावरून उतरू गावात आणायला टांगेवाला होताच. रूळ टाकायला कंपनी लागते, टांग्याला एक माणूस आणि एक जनावर पुरते. स्वस्तपणा हेच त्याचे बळ होते आणि पुढे तोच त्याचा घात ठरला. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर अशी एस.टी.ची पहिली गाडी निघाली. पुढच्या दोन-तीन दशकांत बस आणि रिक्षा गावोगाव पोचल्या. १९५७ साली 'नया दौर' ह्या चित्रपटात टांगेवाल्याने बसशी शर्यत लावली आणि जिंकली. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या, आणि बहुधा बसनेच घरी गेले. आम्ही हे उपहासाने म्हणत नाही. आम्हीही बसनेच गेलो असतो.

आता मालकाच्या बाजूने हिशेब मांडून पाहू, कारण 'घोडा का सोडला' ह्या प्रश्नाचे उत्तर भावनेत कमी आणि हिशेबात जास्त आहे. घोडा आपल्या वजनाच्या साधारण दोन टक्के कोरडा चारा रोज खातो. साडेतीनशे किलोच्या टांग्याच्या घोड्याला सहा-सात किलो चारा आणि चंदी लागणार. पाणी दिवसाला पंचवीस-तीस लिटर, उन्हाळ्यात त्याहून जास्त. दीड-दोन महिन्यांनी नाल बदलायचे, म्हणजे नालबंद हवा. खरारा करायचा, लीद काढायची, पावसात आडोसा द्यायचा. रिक्षा उभी असली की तिला पेट्रोल लागत नाही. घोडा उभा असला तरी खातो. किंबहुना तो उभा राहणेच वाईट. पान सडते, भाकरी करपते आणि घोडा अडतो, ह्या तिन्हींचे कारण एकच, न फिरवणे, हा कूटप्रश्न आपण लहानपणी सोडवलेला असतो. त्यातले अर्थशास्त्र मात्र मोठेपणीही ध्यानात येत नाही. ज्या दिवशी उतारू मिळत नाही त्या दिवशी घोडा कमावत नाही, खातो, आणि बिघडतोही.

आणखी एक गोष्ट. घोडा पंचवीस वर्षे, कधी तीसही वर्षे जगतो. डांबरी रस्त्यावर ओझे ओढण्याचे त्याचे वय पंधरा-अठरापर्यंत संपते, बऱ्याचदा त्याआधीच पाय जातात. म्हणजे आयुष्याचा तिसरा हिस्सा असा, की त्यात मालकाला खर्च आहे आणि मिळकत नाही. संस्थानिकाला, सरदाराला, सैन्याला हा खर्च पेलतो, आणि तिथेही तो नेहमी केला जातोच असे नाही. रोजच्या कमाईवर घर चालवणाऱ्याला तो पेलत नाही. म्हणून घोडा विकला जातो. विकत घेणारा त्याच्याहून गरीब असतो. तो अधिक ओझे लादतो, कमी चारतो आणि लवकर विकतो. शर्यतीचा घोडा रपेटीला, रपेटीचा व्हिक्टोरियाला किंवा वरातीला, तिथला टांग्याला, टांग्याचा विटा-वाळूच्या गाडीला, अशी ही उतरंड आहे. शेवटच्या पायरीवर जो मालक असतो त्याच्या हातून घोडा सुटतो, आणि निर्दयतेचा सगळा आळ त्याच्यावर येतो. वरच्या पायऱ्यांवरचे मालक तोवर सज्जन म्हणून निसटलेले असतात.

ही उतरंड साहित्याने इतिहासाआधी पाहिली. ॲना स्यूएलची 'ब्लॅक ब्यूटी' (१८७७) ही कादंबरी आपण मुलांची म्हणून बाजूला ठेवतो. वस्तुतः ती एका घोड्याच्या हस्तांतरणांची जंत्री आहे. तिच्यात जेरी बार्कर नावाचा एक भला भाडोत्री गाडीवान आहे. तो घोड्यावर माया करतो, आणि तरी त्याला घोडा सोडावा लागतो, कारण थंडीत उभे राहून तो स्वतःच आजारी पडतो. चांगला मालकही घोडा सोडतो, ही त्या पुस्तकातली सर्वांत प्रौढ गोष्ट होय. १८८६ साली रशियात ह्याच विषयाच्या दोन कथा प्रसिद्ध झाल्या. टॉल्स्टॉयच्या 'खोल्स्तोमेर'मध्ये म्हातारा अबलख घोडा आपली कहाणी इतर घोड्यांना सांगतो आणि माणसांच्या 'माझे' ह्या शब्दाचे कोडे उलगडू पाहतो. जो त्याला माझा म्हणतो तो त्याला चारत नाही. जो चारतो त्याचा तो नाही. चेखॉव्हच्या कथेतला गाडीवान योना मुलाच्या मृत्यूचे दुःख उतारूंना सांगू पाहतो, कोणी ऐकत नाही, शेवटी तो ते आपल्या घोडीला सांगतो. ही कथा आपण एकाकीपणाची म्हणून शिकवतो. पण सांगायला सुरुवात करण्यापूर्वी योनाला एक गोष्ट टोचत असते: दाण्यापुरतीही कमाई आज झालेली नाही. त्या रात्री घोडीला नुसत्या गवतावर भागवावे लागते. ज्याचे दुःख ऐकणारे कोणी नाही त्याच्याच पदरात घोड्याची चंदी आहे, हा त्या कथेतला दुसरा, कमी वाचला गेलेला धागा आहे. वर्गात ही कथा घेताना तो एकदा दाखवून द्यावा अशी आमची शिक्षक-मित्रांना विनंती आहे.

आपल्या इतिहासाकडे वळू. शिवकालीन पत्रव्यवहारात चिपळूणच्या छावणीसंबंधीचे जे प्रसिद्ध पत्र आहे, ते आपण भाषेचा नमुना आणि रयतेविषयीची कळकळ म्हणून वाचतो. त्याचा विषय मात्र चारा आहे. पावसाळ्यासाठी ठेवलेला दाणा-गवत आताच उधळला तर ऐन पावसात घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारली असे होईल, हा त्यातला मुद्दा. घोड्याची उपासमार हा दैवाचा खेळ नसून कारभाराचा दोष आहे, असे एका राज्यकर्त्याने सतराव्या शतकात बजावले होते. घोडी उपाशी राहिली की लोक रयतेच्या चाऱ्यावर हात टाकणार, हेही त्याने ओळखले होते. नकोशा घोड्यांवर आज होणाऱ्या चर्चेत एवढी स्पष्टता क्वचित आढळते.

मराठा घोडदळात दोन प्रकारचे स्वार असत. बारगीर सरकारी घोड्यावर बसे, शिलेदार स्वतःच्या. शिलेदाराचा घोडा म्हणजे त्याची नोकरी. म्हणून तो जिवापाड जपला जाई. १८१८ साली पेशवाई बुडाली. त्याच वर्षी त्र्यंबक आणि मालेगावही इंग्रजांच्या हाती गेले. थोडे स्वार पूना हॉर्ससारख्या नव्या पथकांत शिरले. पुष्कळांना जागा नव्हती. काल जो घोडा प्रतिष्ठा होता, तो आज दारात बांधलेला खर्च झाला. घोडा तोच, त्याचे पाय तेच, त्याची भूक तीच. बदलले होते ते फक्त राज्य. आमच्या लेखाचा सारांश एका वाक्यात मागितला तर तो हाच: नकोसेपणा हा घोड्याचा गुण नाही, तो आजूबाजूच्या व्यवस्थेतून त्याच्यावर येऊन पडतो. भीमा-नीरेच्या खोऱ्यातले भीमथडी तट्टू एके काळी अटकेपर्यंतच्या मोहिमांचे वाहन होते. नंतर ते धनगरांच्या वाड्यांबरोबर ओझी वाहत राहिले म्हणूनच टिकले. ज्यांनी त्याला टिकवले त्यांना घोडा मिरवायला नको होता, कामाला हवा होता.

सैन्यांची गोष्ट अधिक कठोर आहे. पहिले महायुद्ध संपल्यावर ब्रिटिश सैन्याने पश्चिम आशियातले हजारो घोडे परत नेले नाहीत. काही भारतीय पलटणींकडे गेले, वय झालेले गोळी घालून मारले गेले, काही तिथेच विकले गेले. १९३०मध्ये कैरोला आलेल्या डोरोथी ब्रुक ह्या बाईंना हे विकलेले लष्करी घोडे बारा वर्षांनंतर दगडांच्या गाड्या ओढताना दिसले. त्यांनी वर्गणी गोळा करून ते विकत घ्यायला सुरुवात केली आणि १९३४ साली तिथे इस्पितळ काढले. घोडे विकणाऱ्या साम्राज्याला कुणी निर्दय म्हटले नाही. कैरोच्या गाडीवानाला मात्र म्हटले. उतरंडीचा नियम इथेही तोच.

आपल्याकडे पांजरपोळ आहे ना, असे कोणी विचारील. आहे, आणि ती परंपरा मोठी आहे. मुंबईचा पांजरपोळ १८३४चा, नाशिक-पंचवटीचाही जुना. पण निकामी जनावराला पोसण्याच्या आपल्या धर्मभावनेचा केंद्रबिंदू गाय आहे. गायीसाठी दान येते, गवत येते, सण आहेत. बैलाला निदान पोळा आहे. घोड्याला दसऱ्याला झेंडूची माळ मिळते, तीही तो कामाचा असेल तर. घोड्याचे दूध आपण घेत नाही, मांस खात नाही, लिदीला शेणाचा मान नाही. त्यामुळे त्याच्या म्हातारपणाला ना बाजार आहे ना पुण्य. कायद्याने ही उणीव भरून काढली असे म्हणावे, तर १९६०च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यात जनावर उपाशी-तहानलेले राहील अशा स्थितीत सोडून देणे हा गुन्हा आहे खरा. पहिल्या गुन्ह्याला त्या कायद्याने ठेवलेला दंड १० ते ५० रुपये. घोड्याची एका दिवसाची चंदीही ह्यात बसत नाही.

अलीकडचा प्रसंग मुंबईचा. जून २०१५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हौसेच्या सफरीच्या व्हिक्टोरिया बेकायदा ठरवल्या, त्या बंद करायला वर्षाची मुदत दिली आणि त्यांवर पोट भरणाऱ्या कुटुंबांच्या पुनर्वसनाची योजना करायला सरकारला सांगितले. त्या घोड्यांची अवस्था खरोखर वाईट होती. कोंदट तबेले, तापलेले डांबर, झिजलेले खूर हे सारे खरे. निर्णय चुकीचा होता असे आम्ही म्हणत नाही. २०२१ साली व्हिक्टोरियासारख्याच दिसणाऱ्या, पण विजेवर चालणाऱ्या गाड्या तिथे आल्या. आम्हांला म्हणायचे आहे ते इतकेच, की घोड्याला जुवातून सोडवणे आणि घोड्याला सांभाळणे ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिली करून झाली की आपल्याला दुसरीही केल्यासारखे वाटते. २०२०च्या टाळेबंदीत वराती थांबल्या, माथेरानचे पर्यटक थांबले. बंदी नव्हती, कायदा बदलला नव्हता. फक्त काही महिने कमाई थांबली, आणि घोड्यांच्या चाऱ्यासाठी संस्थांना धावाधाव करावी लागली. महिन्याची कमाई आणि महिन्याचा चारा ह्यांच्यात किती पातळ भिंत आहे ते तेव्हा दिसले.

रोगाचेही असेच. २००६-०७मध्ये घोड्यांचा ग्लँडर्स हा रोग महाराष्ट्रात नांदेड, लातूर, पुणे, पाचगणी अशा ठिकाणी आढळला. तो माणसालाही होऊ शकतो, त्यावर उपचार करीत बसत नाहीत. बाधित जनावर मारावे लागते. ज्याचा एकच घोडा आहे त्याला तपासणीची भीती वाटते ती ह्यामुळे. भीती वाटली की तो घोडा लपवतो, दूरच्या बाजारात विकतो, नाहीतर सोडून देतो. आपण त्याला अडाणी म्हणून मोकळे होतो.

देशाच्या पशुगणनेत २०१२ साली घोडे आणि तट्टे सुमारे ६ लाख २५ हजार होती. २०१९ साली सुमारे ३ लाख ४० हजार. सात वर्षांत ४५ टक्क्यांहून अधिक घट. गणना जिवंत जनावरांची होते. उरलेली कोणत्या वाटेने गेली ह्याचा रकाना तिच्यात नसतो. येवल्याचा घोडेबाजार भरतो, तापीकाठी सारंगखेड्याची यात्रा भरते, उमद्या घोड्यांच्या लाखालाखांच्या किमती वर्तमानपत्रांत छापून येतात. त्या बातम्या वाचताना घोडा आपल्याकडून गेला असे वाटत नाही. हौसेचा घोडा वाढतो आहे आणि पोटाचा घोडा संपतो आहे, असे दोन्ही एका वेळी चालू आहे.

मग काय करावे? आम्ही साहित्याचे विद्यार्थी. चाऱ्याची योजना आखणे आमच्या कक्षेत नाही. पण वाचण्याची एक शिस्त आमच्या हाती आहे. इतिहासात 'नवे वाहन आले' असे वाक्य भेटले, की त्याच्या पोटातले दुसरे वाक्य शोधावे. 'मालकाने घोडा सोडला' असे वाक्य भेटले, की त्याआधीचे मालक मोजावेत. आणि बंदीचा निर्णय वाचताना त्यात चाऱ्याची तरतूद कोणत्या परिच्छेदात आहे ते पाहावे. चिपळूणच्या छावणीत जो प्रश्न विचारला गेला, तो आजही पुरेसा आहे: पावसाळ्यात ही घोडी काय खाणार?

येत्या सिंहस्थात रामकुंडावर पुन्हा मिरवणुका येतील, त्यांत सजवलेली घोडीही असतील. ती पाहायला आपण जाऊच. गर्दी ओसरल्यावर त्यांचे तोबरे कोण भरतो, तेवढे या खेपेला थांबून पाहावे.